खचलेला पाया आणि झोल आलेली जमीन : तपासणीपासून दुरुस्तीपर्यंत

भिंतीला तिरकी भेग दिसली की बहुतेक घरांत सर्वप्रथम गवंड्याला बोलावले जाते. तो भेग खरवडून तिच्यात सिमेंट भरतो, वरून रंगाचा हात फिरतो, आणि वर्षभरात तीच भेग त्याच जागी पुन्हा उमटते. यात गवंड्याच्या हाताचा दोष नसतो. ज्या हालचालीमुळे भेग पडली ती हालचाल जमिनीखाली चालूच असते आणि तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून या लेखात दुरुस्तीचा क्रम थोडा उलटा वाटेल असा मांडला आहे. आधी हालचाल ओळखायची, मग ती मोजायची, मग तिचे कारण दूर करायचे, आणि त्यानंतरच जमीन उचलण्याला किंवा पाया मजबूत करण्याला हात घालायचा. भेग बुजवणे हे यातले सर्वांत शेवटचे काम आहे.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. निरीक्षण, मोजमाप, पाण्याचा निचरा आणि तळमजल्याच्या लाकडी जमिनीची साधी डागडुजी ही कामे घरमालक चांगल्या कारागिराच्या मदतीने करू शकतो. पायाजवळ खोदकाम करणे, भार पेलणाऱ्या भिंतीखाली टेकू लावणे किंवा काँक्रीटच्या स्लॅबला हात लावणे ही कामे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय कोणीही करू नयेत.

भेगेवरून काय कळते

प्रत्येक घर बांधल्यानंतर थोडेफार दबतेच. सगळे घर सारख्या प्रमाणात दबले तर भिंतींना फारसे काही होत नाही. त्रास होतो तो एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खाली गेल्यामुळे. किती फरक चालतो याचे एक जुने आणि अजूनही उपयोगी पडणारे प्रमाण आहे. दोन बिंदूंमधला खचण्याचा फरक त्यांच्यातील अंतराच्या ३०० व्या भागाइतका झाला की भिंतींना भेगा पडू लागतात, आणि १५० व्या भागाइतका झाला की इमारतीच्या सांगाड्यालाच इजा होण्याचा संभव असतो. ६ मीटर लांबीच्या भिंतीच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा २० मिलिमीटर खाली जाणे म्हणजे पहिली मर्यादा, आणि ४० मिलिमीटर म्हणजे दुसरी.

भेगेचा आकार नीट पाहिला तर खालची जमीन कोठे हलली याचा अंदाज येतो. घराचा कोपरा खचत असेल तर भेग तिरकी जाते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढते आणि वरच्या बाजूला रुंद असते. भिंतीचा मधला भाग खचत असेल तर भेगा खालच्या बाजूला रुंद असतात आणि खचलेल्या भागावर कमानीसारखा आकार धरतात. याउलट मधली जमीन फुगून वर येत असेल तर भेग वरून उघडते. खिडक्या-दारांचे कोपरे ही भिंतीतली कमकुवत जागा असल्यामुळे भेगेची सुरुवात बहुधा तेथून होते. दार एकाएकी चौकटीत घासू लागणे, खिडकीची झडप न लागणे आणि फरशीच्या कडेच्या पट्टीखाली फट पडणे या खुणा भेगेच्या जोडीने दिसल्या, तर संशय पायाकडे वळवावा.

प्रत्येक भेगेचा संबंध पायाशी नसतो, हेही तितकेच ध्यानात ठेवावे. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या बारीक चिरा गिलावा आकसल्यामुळे पडतात. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर दिसणारी सरळ उभी रेघ दोन निराळे पदार्थ उष्णतेने निरनिराळे प्रसरण पावल्यामुळे येते. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीच्या माथ्याशी जाणारी आडवी भेगही बहुधा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबचीच असते. अशा भेगांसाठी पाया खणून पाहणे म्हणजे पैशाचा आणि घराचाही नाश आहे.

रुंदीवरून गांभीर्याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामाच्या वेळी झाकली जाते. ५ मिलिमीटरपर्यंतची भरून काढता येते, मात्र तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते. ५ ते १५ मिलिमीटरच्या भेगेत काही विटा काढून नव्याने बसवाव्या लागतात. २५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून रुंद भेगा असतील, भिंत ओळंब्यातून सुटलेली दिसत असेल किंवा तुळईचे टोक भिंतीतून बाहेर सरकलेले असेल, तर मोजत बसू नये. तो भाग रिकामा करावा आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवावे.

हालचाल चालू आहे की थांबली आहे

याच प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि सगळ्या खर्चाचा निर्णय याच्याच उत्तरावर ठरतो. वीस वर्षांपूर्वी खचून स्थिर झालेला पाया आणि आजही खचत असलेला पाया यांच्या भेगा दिसायला सारख्याच असू शकतात. पहिल्याला बहुधा भेग भरण्यापलीकडे काही लागत नाही.

भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी. भेग लांबली तर ते लगेच कळते. रुंदी मोजण्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू पक्का बसवावा आणि दोन स्क्रूंमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजून वहीत नोंदवावे. एकाच भेगेवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जोड्या लावल्या तर भेग कोणत्या बाजूने उघडते आहे हेही समजते. काचेची पट्टी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावण्याची जुनी पद्धत सोपी आहे. पण काच तडकल्यावर हालचाल झाली एवढेच कळते, किती झाली आणि कोणत्या दिशेला झाली हे कळत नाही. म्हणून स्क्रूची पद्धत अधिक पसंत करावी.

नोंद महिन्यातून एकदा, शक्यतो दिवसाच्या ठरावीक वेळी करावी, आणि निदान एक ओला व एक कोरडा ऋतू त्यात यावा. चिकणमातीवर उभ्या असलेल्या घराच्या भेगा कोरड्या दिवसांत उघडतात आणि ओल्या दिवसांत मिटतात. तीनच महिन्यांच्या नोंदींवरून कोणी पाया खचतो आहे असा निष्कर्ष काढला, तर तो ऋतूच्या चढउतारालाच कायमचे खचणे समजण्याची शक्यता मोठी असते. वर्षाअखेर भेग पहिल्या मापावर परत आली तर हालचाल ऋतूची आहे. दर वर्षी ती थोडी अधिक उघडी राहत असेल तर पाया खरोखर खचतो आहे.

जमिनीचा झोल मोजण्यासाठी लेझर लेव्हल मिळाली तर उत्तमच, परंतु पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तितकेच विश्वासार्ह काम होते. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये, कारण त्याने माप चुकते. खोलीतला एक बिंदू आधारबिंदू मानावा, खडूने मीटर-मीटर अंतरावर चौकोन आखावेत, प्रत्येक छेदबिंदूचे माप घ्यावे आणि कागदावर खोलीचा नकाशा काढून ती मापे त्या-त्या जागी लिहावीत. मापे कागदावर उतरली की झोल खोलीच्या मधोमध आहे, एका भिंतीकडे उतरता आहे की एखाद्या खांबाभोवती खड्ड्यासारखा आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसते. मधला झोल तुळया वाकल्याचे सुचवतो, भिंतीकडचा उतार टोके कुजल्याचे किंवा पाया खचल्याचे, आणि खांबाभोवतीचा खड्डा त्या खांबाखालची माती दबल्याचे. गोटी घरंगळते म्हणून जमीन खचली असे मात्र मानू नये. अनेक जमिनी मुळातच किंचित तिरक्या बसवलेल्या असतात. कडेची पट्टी जमिनीबरोबर तिरकी असेल तर दोष बांधतानाचा आहे. पट्टी सरळ असून तिच्याखाली फट असेल तर जमीन नंतर खाली गेली आहे.

आधी पाणी

माझे अगदी स्पष्ट मत आहे की पाण्याचा बंदोबस्त केल्यावाचून पायाला हात लावण्याचा सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चिकणमातीच्या काही प्रकारांत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, आणि माती घरालाही वरखाली करते. वाळूमिश्रित मातीची तऱ्हा वेगळी असते. तिच्यातून पाणी सतत वाहत राहिले तर बारीक कण वाहून जातात आणि पायाखाली पोकळी तयार होते. भराव टाकलेली जमीन नीट दाबलेली नसेल तर पहिल्यांदा भिजल्यावर ती एकाएकी बसते. कारणे तीन झाली तरी तिन्हींत पाणी आहेच.

तपासणी छपरापासून सुरू करावी. पन्हळी तुंबल्या आहेत का, खाली येणारे नळ सांध्यात गळतात का, आणि ते पाणी शेवटी भिंतीच्या बुडाशीच सोडलेले आहे का, हे भर पावसात बाहेर उभे राहून पाहावे. कोरड्या दिवशी यातले बरेच काही दिसत नाही. पन्हळीचे पाणी भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर दूर न्यावे. घराभोवतीच्या जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेला असावा. जोत्याला लागून साधारण एक मीटर रुंदीची काँक्रीटची किंवा फरसबंदीची पट्टी करून तिला ५० ला १ पेक्षा कमी नाही असा उतार द्यावा, आणि पट्टी व भिंत यांच्यातील सांधा लवचीक भरणाने बंद करावा. हा सांधा उघडा राहिला तर सगळी पट्टीच पाणी पायात सोडणारी घसरगुंडी ठरते.

त्यानंतर जमिनीखालच्या नळांकडे वळावे. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहावा आणि कोणी पाणी वापरण्याआधी सकाळी तो पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर कोठेतरी गळती आहे. सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खालच्या चेंबरमध्ये तोंड बंद करून वरून वाहिनी पाण्याने भरावी आणि पातळी उतरते का ते पाहावे. भेग आणि सांडपाण्याची वाहिनी घराच्या एकाच कोपऱ्यात असतील तर ही चाचणी सर्वांत आधी करावी.

झाडांचा प्रश्न नाजूक आहे. चिकणमातीवरच्या घराजवळ मोठे झाड असेल तर ते कोरड्या दिवसांत मातीतले पाणी ओढून घेते आणि त्या बाजूची माती आकसते. पण घाबरून झाड एकदम तोडले तर अनेक वर्षे कोरडी पडलेली माती पुन्हा पाणी शोषून फुगू लागते आणि खचलेला कोपरा आता वर उचलला जातो, ज्याने नवे नुकसान होते. झाड घरापेक्षा जुने असेल तर हा धोका अधिक असतो. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करणे किंवा झाड आणि घर यांच्यामध्ये मुळांना अडवणारा खोल पडदा घालणे हे मार्ग आधी विचारात घ्यावेत.

एवढे केल्यावर मोजमाप चालू ठेवून निदान एक ऋतुचक्र थांबावे. पुष्कळ घरांत हालचाल येथेच थांबते आणि पुढचा मोठा खर्च टळतो.

लाकडी जमिनीचा झोल काढणे

तुळया आणि फळ्यांच्या जमिनीखाली उतरता येत असेल तर प्रखर दिवा आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरावे. प्रत्येक तुळईची टोके, विशेषतः भिंतीत शिरलेली, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. टोक सहज आत घुसले किंवा लाकूड चौकोनी तुकड्यांत सुटले तर ते कुजलेले आहे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून तुळईवर चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. लाकडातील ओलावा मोजणारे छोटे यंत्र मिळते. ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही, त्याच्या वर गेला की धोका सुरू होतो. नळ किंवा तारा नेण्यासाठी तुळईच्या खालच्या कडेला कोणी खाच पाडली आहे का हेही पाहावे. तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात खालून पाडलेली खाच सर्वांत घातक, कारण ताण तेथेच सर्वाधिक असतो.

किती झोल चालतो याला मोजमाप आहे. वापराच्या भाराने तुळई तिच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागाहून अधिक वाकू नये, असा संकेत बांधकामात रूढ आहे. ३.६ मीटरच्या गाळ्यात हे १० मिलिमीटर होते. मात्र लाकडाला कायमचा बाकही येतो. वर्षानुवर्षे भार सोसलेली तुळई भार काढल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. म्हणून शंभर वर्षांच्या जमिनीला पाणसळीत बसवण्याचा हट्ट धरू नये. वाढणारा झोल थांबवणे आणि जमीन सुरक्षित करणे एवढे साधले तर काम यशस्वी झाले असे मानावे, थोडा जुना बाक राहिला तरी हरकत नाही.

उचलण्याआधी वरच्या खोलीतले जड सामान हलवावे. उचलताना वाकतील किंवा तुटतील असे नळ, विशेषतः गॅसचे आणि सांडपाण्याचे, सोडवून किंवा बंद करून ठेवावेत. जॅक नुसत्या मातीवर ठेवणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण जमीन वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. जाड लाकडी ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचून भक्कम बैठक करावी आणि तिच्यावर जॅक ओळंब्यात उभा करावा. जॅक थेट एकाच तुळईला न लावता अनेक तुळयांखालून आडवा जाणारा भक्कम वासा लावावा, म्हणजे भार वाटला जातो. जॅकच्या माथ्यावर पोलादी पट्टी ठेवली नाही तर तो लाकडात रुततो. तेलाच्या दाबावर चालणारा जॅक उचलायला सोपा असला तरी त्याच्यावर रात्रभर भार ठेवू नये, कारण त्याचा दाब उतरू शकतो. उचलून झाले की स्क्रूच्या लोखंडी टेकूंवर भार घ्यावा, आणि जमिनीखाली माणूस असताना तेथे फक्त जॅकचाच आधार कधीही नसावा.

उचलण्याचा वेग हाच या कामाचा प्राण आहे. दिवसाला ३ मिलिमीटरपेक्षा अधिक उचलू नये. फार जुन्या किंवा फार वाकलेल्या जमिनीला दोन उचलींमध्ये तीन-चार दिवसांची उसंत द्यावी. ज्या जमिनीला खाली यायला तीस वर्षे लागली ती एका दुपारी वर नेली तर वरच्या भिंतींचा गिलावा फुटतो, दारांच्या चौकटी वेड्यावाकड्या होतात आणि तोवर शाबूत असलेले सांधे सुटतात. प्रत्येक उचलीनंतर वरच्या मजल्यावर जाऊन दारे, खिडक्या आणि नव्या भेगा पाहाव्यात. लाकडाची हलकी करकर स्वाभाविक असते. मोठा कडाका ऐकू आला तर तेथेच थांबावे.

जमीन हव्या त्या पातळीवर आली की कायमचा आधार द्यायचा असतो, आणि येथे कारणानुसार मार्ग बदलतो. तुळया सुदृढ असून गाळा फार लांब असेल तर मध्ये नवी आडवी तुळई आणि तिच्याखाली खांब उभे करावेत. खांबाचा पाया केवढा असावा याचा हिशेब सोपा आहे. खांबावर २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन, भार येणार असेल आणि माती चौरस मीटरला १०० किलोन्यूटन सुरक्षितपणे पेलत असेल तर ०.२ चौरस मीटर जागा लागते, अर्थात सुमारे ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी काँक्रीटचा ठोकळा. मातीची ताकद मात्र अंदाजाने धरू नये. नव्या काँक्रीटवर लगेच भार टाकू नये. नेहमीच्या सिमेंटच्या काँक्रीटला सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, आणि तोवर तात्पुरते टेकू जागेवरच राहू द्यावेत. लाकडी खांब असेल तर त्याचे बूड जमिनीपासून वर, पोलादी बैठकीवर ठेवावे आणि मध्ये ओल रोखणारा थर घालावा.

तुळई कमकुवत असेल तर तिच्या बाजूला तेवढ्याच उंचीची नवी तुळई जोडावी. ही जोडतुळई शक्य असेल तेथे या आधारापासून त्या आधारापर्यंत पूर्ण लांबीची असावी आणि दोन्ही टोकांना आधारावर निदान ७५ मिलिमीटर टेकावी. १२ मिलिमीटरचे बोल्ट ४० ते ६० सेंटीमीटर अंतरावर, एक वर एक खाली असे आळीपाळीने घालावेत. टोक कुजलेले असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत ते कापून टाकावे आणि भिंतीतली ओल का येते ते आधी शोधावे, नाहीतर नवे लाकूडही त्याच जागी कुजेल. भिंतीच्या कोनाड्यात तुळईच्या टोकाभोवती २०-२५ मिलिमीटर हवा खेळती ठेवावी. जमिनीखालची माती उघडी असेल तर तिच्यावर जाड प्लास्टिकचे आवरण पसरावे आणि हवेची जाळी मोकळी करावी. नुसती जमीन थरथरत असेल, झोल नसेल, तर तुळयांच्या मधोमध आडवे ठोकळे घट्ट बसवल्याने बराच फरक पडतो.

भरावावर बसलेली फरशी

लाकूड नसून भरावावर घातलेली फरशी खचली असेल तर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारा भाग खडूने आखावा. पोकळी बऱ्याच वेळा खालून गेलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीच्या रेषेतच सापडते, आणि तसे असेल तर आधी वाहिनी दुरुस्त करावी. भाग लहान असेल तर फरशी काढून सैल भराव पूर्ण उपसावा, चांगला मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर बेताचे पाणी शिंपडून धुम्मस करावा आणि वर १० सेंटीमीटर काँक्रीट घालून फरशी बसवावी. सगळा भराव एकदम टाकून वरून धुम्मस केला तर दाब खालपर्यंत पोहोचत नाही आणि दोन वर्षांत फरशी पुन्हा बसते. फरशी अखंड काँक्रीटची असेल तर छिद्रे पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण किंवा फुगणारा पॉलियुरेथेन फेस दाबाने भरून ती उचलता येते. हे मात्र त्यातल्या जाणकारांचेच काम आहे.

काँक्रीटचा स्लॅब वाकला असेल तर

लाकडी जमिनीचे नियम येथे लागू करू नयेत. जॅक लावून वाकलेला स्लॅब वर ढकलला तर जेथे सळ्या खालच्या बाजूला आहेत तेथे ताण वरच्या बाजूला येतो आणि स्लॅब वरून फुटतो. खालून काँक्रीटचे पोपडे पडत असतील आणि तांबूस डाग दिसत असतील तर सळ्या गंजल्या आहेत. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा वेळी वरचा भार काढावा, खाली टेकू लावून भार फक्त झेलावा, उचलू नये, आणि त्या टेकूंखालच्या मजल्यांवरही त्याच ओळीत टेकू देऊन भार जमिनीपर्यंत पोहोचवावा. पुढचा निर्णय इंजिनिअरने घ्यावा.

पायाखाली नवा पाया

पाण्याचा बंदोबस्त करूनही वर्षभराच्या नोंदी खचणे चालूच असल्याचे दाखवत असतील तर पाया खोल नेण्यावाचून उपाय राहत नाही. आधी पायाला लागून परीक्षेचा खड्डा घ्यावा. जुना पाया किती खोल आणि किती रुंद आहे, खालची माती कोणती आहे आणि घट्ट थर किती खाली लागतो हे पाहिल्याशिवाय कोणताही आराखडा करता येत नाही.

रूढ पद्धत अशी की भिंतीखालची लांबी साधारण १ ते १.२ मीटरच्या भागांत वाटून घेतात आणि भाग एका आड एक खोदतात. पाच भाग असतील तर एका वेळी एकच भाग उघडत पहिला, मग चौथा, मग दुसरा, मग पाचवा, शेवटी तिसरा असा क्रम ठेवता येतो. कोणत्याही वेळी भिंतीच्या एकूण लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाहून अधिक भाग निराधार नसावा. एक भाग घट्ट थरापर्यंत खोदायचा, त्याच दिवशी तळ स्वच्छ करून काँक्रीट भरायचे आणि जुन्या पायाच्या बुडाखाली ५० ते ७५ मिलिमीटर फट ठेवायची. काँक्रीट आकसून घट्ट झाल्यावर, साधारणपणे दुसऱ्या दिवशी, त्या फटीत एकास तीन प्रमाणाचे, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपतच ओलसर सिमेंट-वाळूचे मिश्रण ठोकून ठोकून भरायचे. हे भरण सैल राहिले तर सगळ्या कामाचा अर्थच जातो, कारण भार नव्या पायावर उतरतच नाही आणि घर ती फट भरून निघेपर्यंत पुन्हा खाली येते. शेजारचा भाग त्यानंतर निदान दोन दिवसांनीच उघडावा.

खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी या सगळ्याच्या आधी येते. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते आणि खड्ड्याची बाजू ढासळायला काही सेकंद पुरतात. छातीइतक्या खोलीपासूनच बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू हवेत, उपसलेली माती काठापासून दूर टाकावी, आणि माणूस खाली असताना वर दुसरा माणूस सतत हजर असावा.

खड्ड्यात पाणी लागले तर ते पंपाने भराभर उपसण्याचा मोह आवरावा. पाण्याबरोबर मातीचे बारीक कण येतात आणि शेजारच्या भिंतीखालची जमीन सैल होते. इंग्लंडमधील विंचेस्टरच्या कॅथेड्रलच्या भिंती विसाव्या शतकाच्या आरंभी खचू लागल्या तेव्हा याच अडचणीमुळे विल्यम वॉकर या पाणबुड्याला बोलवावे लागले. १९०६ ते १९११ या काळात त्याने भिंतींखालच्या गढूळ, काळोख्या पाण्यात चाचपडत काँक्रीटची पोती रचून तळ बंद केला, आणि मगच पाणी उपसून वरचे बांधकाम करता आले. साध्या घराला पाणबुड्या लागत नाही, पण आधी तळ बंद करून मग उपसण्याचा तो क्रम आजही तसाच पाळावा लागतो.

घट्ट थर फार खोल असेल तर खोदकाम परवडत नाही आणि सुरक्षितही राहत नाही. तेथे बारीक व्यासाचे पाइल (घट्ट थरापर्यंत जाणारे लांब खांब) किंवा मळसूत्री पोलादी पाइल जमिनीत खोलवर उतरवून घराचा भार कंसांच्या मदतीने त्यांच्यावर घेतात.

अर्ध्याच घराचा पाया खोल नेताना विशेष सावध राहावे लागते. खोल झालेला भाग आता हलत नाही, उरलेला भाग ऋतूंबरोबर पूर्वीसारखाच वरखाली होतो, आणि दोघांच्या सीमेवर नवी भेग पडते. म्हणून नव्या पायाची खोली सीमेजवळ एकदम न तोडता पायऱ्यापायऱ्यांनी कमी करत आणावी. घर पूर्वीच्या पातळीला आणण्याचा आग्रहही विचारपूर्वकच धरावा. पिसाच्या कललेल्या मनोऱ्यावर काम करणाऱ्यांनी खचलेली बाजू उचललीच नाही. १९९९ ते २००१ या काळात त्यांनी उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला आणि तेवढ्यावर समाधान मानले.

भेगा भरणे

नव्या आधारानंतरही घर काही काळ किंचित बसते, म्हणून गिलाव्याची घाई करू नये. स्क्रूंच्या जोड्या जागेवरच ठेवून निदान काही महिने, आणि चिकणमातीत पूर्ण वर्षभर, नोंदी चालू ठेवाव्यात. मापे स्थिर राहिली की विटांच्या आडव्या सांध्यांतून भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाईल अशी ६ मिलिमीटरची गंजरोधक पोलादी सळी बसवावी, चार ते सहा थरांमागे एक याप्रमाणे. सांधे पुन्हा भरावेत, फुटलेल्या विटा बदलाव्यात, आणि गिलावा करताना भेगेवर जाळी बांधावी. जुन्या चुन्याच्या भिंतीत कडक सिमेंट भरू नये. ते भिंतीबरोबर हलत नाही आणि त्याच्या कडेने नवी चीर जाते. चुन्याच्या भिंतीला चुन्याचेच मिश्रण वापरावे.

पायाचे काम कोठून कोठपर्यंत, किती खोल आणि कोणत्या तारखेला झाले, याचा नकाशा फोटोंसह घराच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि भेगांच्या नोंदींची वही त्याच फाइलमध्ये घालावी. पुढे कोणी त्या भिंतीशेजारी खड्डा घेणार असेल किंवा वर मजला चढवणार असेल, तर त्याच्या इंजिनिअरने सर्वप्रथम ही फाइल पाहावी.